घट्ट बांधू नका

हाड मोडले की आपल्या घरांत उपचाराच्या आधी वाद सुरू होतो. वडीलधारे म्हणतात पहेलवानाकडे न्या, तरुण म्हणतात एक्स-रे काढा. पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा, कुठेही जा, हाडे बसवणारा एखादा नावाजलेला माणूस सापडतोच. आणि त्याच्या हातून बरे झालेले चार जणही सापडतात. ते खोटे बोलत नसतात. कारण हाड मुळात स्वतःच जुळते.

मोडलेल्या जागी रक्त साकळते. त्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात, दोन-तीन आठवड्यांत कानाच्या पाळीसारखा लवचीक जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम बसून तो कडक होत जातो. पुढे कित्येक महिने शरीर त्या जोडाला तासून मूळचा आकार देत राहते. कातडीवर जखमेचा वण राहतो, हाडावर बहुधा तोही राहत नाही. उपचार करणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळायच्या: तुटलेली टोके समोरासमोर आणायची, ती हलू द्यायची नाहीत, आणि रक्त चालू ठेवायचे. पहिल्या दोन गोष्टी सरावाच्या हाताला कधी कधी जमून जातात. घात होतो तो तिसरीत.

सात-आठ वर्षांचे मूल झाडावरून किंवा सायकलवरून पडते, हात टेकते आणि कोपराच्या जरा वरचे हाड मोडते. मुलांमध्ये हे नेहमीचे आहे. हाताची मुख्य रक्तवाहिनी याच हाडाच्या अगदी पुढून जाते. आत सूज वाढत असते आणि वरून बांबूच्या कामट्या आवळल्या जातात. घरातले कोणीतरी बजावतेही, "कस के बांधो, हिलना नहीं चाहिए." आत फुगायला जागा नाही, रक्त पोचत नाही. साधारण सहा तास असे गेले की हाताचे स्नायू मरू लागतात, आणि मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. तो आकसतो, बोटे पंजासारखी वळून बसतात. हाड मात्र जुळलेले असते! जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचा संबंध घट्ट पट्ट्यांशी जोडला. आजही त्याला त्यांचेच नाव आहे. त्यांच्याही कितीतरी आधी इब्न सिना यांनी लिहून ठेवले होते की सूज ओसरेपर्यंत, म्हणजे पाचेक दिवस, कामट्या बांधण्याची घाई करू नये. आपल्या बुजुर्गांचा दाखला द्यायचाच तर हा द्यावा.

म्हणून भगिनींनो, हे पाठच करा. औषध देऊनही दुखणे वाढत असेल, बोट हळूच सरळ केले तरी मूल किंचाळत असेल, बोटे गार, पांढरी किंवा निळसर पडत असतील, मुंग्या येत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी दवाखान्यातली असो की पहेलवानाची, रात्री दोन वाजताही निघा. कामट्या असतील तर त्या तिथेच सोडा. पडल्याबरोबर करायचे काम सोपे आहे: पुठ्ठ्याचा आधार द्या, ओढणीच्या झोळीत हात अडकवा, १०८ ला फोन करा. तेल लावून चोळू नका. कोपर चोळल्याने कधी कधी स्नायूतच हाड तयार होते आणि सांधा कायमचा आखडतो.

मोठ्या माणसांत पायाची नडगी त्रास देते. तिच्या पुढच्या बाजूला नुसती कातडी, मांस नाही, त्यामुळे रक्तपुरवठा कमी आणि जुळायला वेळ जास्त. आत सळई घालून हाड धरून ठेवले की माणूस लवकर उभा राहतो. तरीही काही हाडे जुळत नाहीत, किंवा जंतुसंसर्गाने मधला तुकडा काढून टाकावा लागतो. अशा वेळी रशियातल्या कुर्गानच्या डॉक्टर इलिझारोव्ह यांची पद्धत कामी येते. पायाभोवती गोल कड्या, हाडातून आरपार ताणलेल्या तारा, आणि रोज पाव-पाव मिलिमीटर करत दिवसाला एक मिलिमीटर सरकवायचे. मागे राहणाऱ्या फटीत शरीर नवे हाड भरत जाते. हे कौशल्य आपल्या शेजारी अकोल्यात आहे, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. महिनोन्‌महिने ती कडी वागवायची म्हणजे सबुरीची परीक्षाच. अशा रुग्णाने खर्रा बंद केलाच पाहिजे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे जे आपण कामटीने करू नये म्हणतो तेच तोंडातून करायचे. यवतमाळात हे सांगणे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे.

हाडापेक्षा मी जास्त घाबरते ती नसेला. विळा, कडबाकुट्टी, फुटलेला काच, पतंगाचा मांजा यांनी तळहाताजवळ जखम होते. आपण म्हणतो नस कापली. डॉक्टर टेंडन म्हणतात, बोट ओढणारी पांढरी दोरी. जखम लहान दिसते, वरची कातडी शिवली जाते, आणि पंधरा दिवसांनी लक्षात येते की बोट वळतच नाही. तुटलेली दोरी आत मागे सरकून आखडलेली असते, मग सरळ शिवता येत नाही, दुसरीकडची दोरी काढून बसवावी लागते. त्यामुळे जखमेच्या दिवशीच प्रत्येक बोट वेगवेगळे वाकवून पाहायला सांगा. एकही बोट वळत नसेल तर काही दिवसांच्या आतच हाताच्या शस्त्रक्रियेसाठी पोचले पाहिजे. शिवल्यानंतरचे सहा आठवडे आधारपट्टीत ठरवून दिलेला व्यायाम करायचा, जड काम साधारण तीन महिने नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला तीन महिने कोण देतो, हा प्रश्न डॉक्टरचा नाही, घरातल्या माणसांचा आहे.

गुडघ्यांबद्दल थोडक्यात. झिजलेल्या गुडघ्यात स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टोचण्याच्या जाहिराती खूप दिसतात. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर हे इंजेक्शन आणि नुसते मिठाचे पाणी यांत वेदनेचा म्हणावा असा फरक आढळला नाही. स्टेम सेलने गुडघा नवा करून देतो म्हणणाऱ्याला तर विचारा की ही चाचणी आहे का. कारण २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार असा वापर केवळ संशोधनात चालतो आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. कृत्रिम सांधा बसवणे हा मात्र सिद्ध झालेला उपाय आहे. त्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा आणली. सर्वाधिक वापरातला कोबाल्ट-क्रोमचा गुडघा तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला. सजद्याला बसता येणार नाही म्हणून कित्येक अम्मी वर्षानुवर्षे दुखणे काढत ऑपरेशन टाळतात. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर नमाज पढण्याची मुभा हदीसमध्येच आहे. खुर्चीवरची नमाज कमी प्रतीची नाही. तसेच वुजूसाठी प्लास्टर काढू नका, भिजवू नका. त्यावरून ओला हात फिरवणे, म्हणजे मसह, पुरते.

खर्चाचे म्हणाल तर यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. पैसे भरण्याआधी तिथे जा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा, अपघाताच्या धावपळीत नेमके तेच घरी राहते.