शिवेचा तंटा शिवेवरच मिटवावा

ठाण्याच्या उत्तरेस खाडीच्या अंगास कोलशेत, बाळकुम, ढोकाळी, वाघबीळ हीं गांवें जवळजवळ वसलेलीं आहेत. तेथील पुष्कळशा शिवारावर आतां इमारती उभ्या राहिल्या. तथापि खाडीकांठच्या शेतीचा धडा कोणत्याही गांवास उपयोगीं पडणारा आहे. खारजमिनीचा बांध एका गांवाच्या हद्दींत फुटला तरी खारें पाणी शेजारच्या गांवाचें भातही नासवितें. हद्दीचा कज्जा चालू असतां बांधाची डागडुजी कोणीं करावी हें ठरत नाहीं, आणि उधाणाची भरती कांहीं निकालासाठीं थांबत नाहीं. म्हणून असे तंटे लवकर व सलोख्यानें मिटणें हें दोन्ही गांवांच्या हिताचें आहे.

मराठेशाहींत अशा प्रसंगीं गोतसभा भरे. आसपासच्या गांवचे वतनदार व जुने जाणते यांस पाचारीत, ओढा, झाड, जुना दगड अशा खुणा पाहत, आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर साक्षी घालीत. पुरावा अपुरा पडल्यास मात्र दिव्य करवीत. हा शेवटचा प्रकार न्याय नव्हे; तो गेला तें बरेंच झालें. परंतु जागेवरील चौकशी, तिऱ्हाइताची साक्ष व लेखी निवाडा हीं तीन अंगें आजही घेण्याजोगीं आहेत.

कायद्यासही हें अमान्य नाहीं. लगतच्या गांवांनीं स्वखुषीनें मान्य केलेली हद्द करार लिहवून कायम करण्याची तरतूद १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यांत होती; १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें ती पुढें चालविली. करार अधिकाऱ्यापुढें न नेतां केवळ तोंडी बोलीवर राहिल्यास पुढील पिढीस तोच तंटा पुन्हां उकरावा लागेल.

येथें दोन इशारे देणें अवश्य वाटतें. वाट किंवा पाणी अडविल्याचा दावा १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वयें सहा महिन्यांच्या आंत करावा लागतो. पंचांच्या बैठकींत ती मुदत निघून जाऊं देऊं नये. दुसरें, निवाडा न मानणाऱ्यास वाळींत टाकणें हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानें गुन्हा आहे. पंचांचें बळ धाकांत नसून त्यांच्या निःपक्षपातांत आहे. ज्यांची जमीन त्या शिवेस लागते, त्या लहान खातेदारांस व स्त्री-वारसांसही बैठकींत बोलावून त्यांचें म्हणणें लिहून घ्यावें. असा निवाडाच टिकेल, असें आमचें स्पष्ट मत आहे.