पेटंटाची पाटी आणि आमचा लोहार

तीन वर्षांमागें आमच्या संघाच्या तालुका प्रदर्शनांत एका लोहारानें आणलेलें कोळपें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस तें खचित आठवत असेल. त्याची पास अखंड नव्हती. दोन अर्ध्या पासा एकमेकींवर सरकत, आणि एक खीळ काढून शेजारच्या भोंकांत घातली कीं कोळप्याची रुंदी चार बोटें कमी किंवा अधिक होई. कपाशींतून निघून तेंच कोळपें भुईमुगांत घालावयाचें असल्यास दुसऱ्या कोळप्याची गरज उरत नसे. आम्हीं त्या कारागिराचा शाल व श्रीफळ देऊन गौरव केला, कोळपें मांडवाच्या तोंडाशीं दोन दिवस मांडून ठेविलें, आणि जो कोणी विचारील त्यास तें उलगडून दाखवावें अशी त्यास आग्रहाची विनंती केली. विचारणारांत एका कारखान्याचा माणूस होता. त्यानें मापें घेतलीं, मोबाइलवर छायाचित्रें काढलीं, आणि लोहारानें मोठ्या आनंदानें मापपट्टीचें दुसरें टोंक धरून त्यास मदत केली. पुढच्या हंगामांत तसेंच कोळपें रंग लावून दुकानांत आलें. त्यावर ‘पेटंट’ हा शब्द ठसठशीत छापलेला होता, आणि किंमत लोहाराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती.

ह्या प्रकरणीं कारखानदारास नांवें ठेवणें सोपें आहे, आणि आमच्या सभासदांनीं तें पोटभर करून घेतलें. परंतु विचारांती आमचें असें मत झालें आहे कीं, ह्यांतील मोठा दोष आमच्या संघाचा, म्हणजे तुमचा-आमचा, आहे. तो कसा, हें समजण्यास पेटंट म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे.

पेटंट हा सरकारनें शोधकाशीं केलेला एक करार होय. शोधकानें आपली युक्ति इतकी उघड करून लिहून द्यावी कीं, ती वाचून दुसऱ्या जाणत्या कारागिरास ती वस्तु करितां यावी. त्याच्या मोबदल्यांत ठराविक मुदतीपर्यंत ती करण्यास व विकण्यास इतरांस मनाई करण्याचा हक्क त्यास मिळावा. आणि मुदत संपतांच ती सर्वांची व्हावी. आपल्या देशांत असा कायदा प्रथम १८५६ सालीं झाला. त्याखालीं आलेला पहिला अर्ज कलकत्त्याच्या डी पेनिंग नांवाच्या इंजिनियराचा असून तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं होता. पंखा ओढणाऱ्या गड्याचा सल्ला मात्र त्यानें घेतला नसावा. आजचा कायदा १९७० चा. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलांत आला, व त्यांत पुढें झालेल्या दुरुस्त्यांप्रमाणें पेटंटाची मुदत सध्यां अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे.

ह्या कराराची पहिली अट अशी कीं, युक्ति नवी असली पाहिजे. म्हणजे अर्ज करण्यापूर्वीं ती लोकांसमोर आलेली नसावी. शोधकानें ती स्वतःच कौतुकानें दाखविली तरी उघडी पडलेली युक्ति नवी राहत नाहीं. केंद्र सरकारनें अधिसूचना काढून मान्य केलेल्या प्रदर्शनांत ती मांडल्यास बारा महिन्यांची सवड मिळते. पण आमच्या मांडवास तसली मान्यता कोठून असणार? ज्या दुपारीं आम्हीं त्या लोहाराच्या गळ्यांत हार घातला त्याच दुपारीं त्याचा हक्क आम्हीं आपल्या हातांनीं बुडविला. त्याचें कोळपें पेटंटाच्या कसोटीस उतरलें असतें कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम पेटंट कचेरीचें. तें ठरविण्याची वेळच आम्हीं येऊं दिली नाहीं.

असें प्रत्येक ठिकाणीं घडतेंच असें नाहीं. विलायतेंत ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड गांवाजवळ एडविन बडिंग नांवाचा एक यंत्रकारागीर राहत असे. तो भाग लोंकरीच्या कापडाच्या गिरण्यांचा. कापडावर वर आलेली लव सारखी कातरण्यासाठीं तेथील गिरण्यांत एक यंत्र असे. त्यांत फिरत्या रुळावर पीळदार पातीं बसविलेलीं असत, आणि तीं एका स्थिर पात्यास घासून जात. जें यंत्र कापडाची लव कातरतें त्यानें हिरवळीची लव कां कातरूं नये, असें बडिंगच्या मनांत आलें, आणि १८३० सालीं त्यानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. क्रिकेटचें किंवा टेनिसचें मैदान आज गालिच्यासारखें दिसतें तें ह्या यंत्राच्या वंशजांमुळें; त्यापूर्वीं तें काम लांब दांड्याच्या विळ्यानें किंवा मेंढरें चारून होत असे. गांवोगांवच्या धनिक गृहस्थांस हें यंत्र ढकलण्यानें चांगला व्यायामही घडेल, असें त्यानें आपल्या विवरणांत सुचविलें होतें. ज्यांस जन्मभर कोळपें धरावें लागतें त्यांस हें वाचून हंसूं येईल. असो. आम्हांस सांगावयाचें तें निराळेंच. यंत्र सुधारण्याचा आणि पेटंटाचा खर्च शेजारच्या लोखंडी कारखान्याचा मालक जॉन फेराबी ह्यानें सोसला. दोघांत त्याच सालीं लेखी करार झाला. यंत्रें करण्याचा, विकण्याचा व इतरांस परवाने देण्याचा हक्क फेराबीस मिळाला, आणि दोनच वर्षांनीं इप्सविचच्या रॅन्सम ह्या शेतकी औजारांच्या कारखान्यानें परवाना घेतला. बडिंगला फेराबी भेटला. आमच्या लोहारास शेंकडों सभासदांचा संघ भेटला, आणि त्यानें त्यास शाल दिली.

येथें आमचे कांहीं वडीलधारे सभासद म्हणतील कीं, तिफण, पाभर, मोट ह्यांचीं पेटंटें कोणीं घेतलीं होतीं? एकानें केलें, दहांनीं पाहिलें, गांवाचें भलें झालें. विद्येवर कुंपण कशास? ह्या बोलण्यांत तथ्य आहे, आणि कायद्यानेंही तें कांहीं अंशीं मानलें आहे. शेती करण्याच्या रीतीस आपल्याकडे पेटंट मिळत नाहीं. परंपरेनें चालत आलेल्या ज्ञानास मिळत नाहीं. आणि ठाऊक असलेलीं दोन औतें एका सांगाड्यावर नुसतीं शेजारीं-शेजारीं बसविलीं, तर त्यासही मिळत नाहीं. परंतु ज्या काळीं दहांनीं पाहून केलें त्या काळीं ते दहाही त्याच गांवचे बलुतेदार होते, आणि मूळ कारागिराच्या बलुत्यास कोणी हात लावीत नसे. आज पाहणारा दहा जिल्ह्यांत माल पाठवितो, आणि मूळ कारागिराच्या भट्टीवरचें गिऱ्हाईकच तोडून नेतो.

वडिलांच्या ह्या आक्षेपाची दुसरी बाजू कापसाच्या इतिहासांत दिसते. आमच्या वऱ्हाड-खानदेशचा शेतकरी ज्या जिनांत कपाशीची गाडी रिकामी करितो त्या यंत्राचें नांव इंजिन ह्या शब्दाचेंच तुटलेलें रूप आहे. एली व्हिटनी हा अमेरिकन तरुण १७९२ सालीं जॉर्जिया प्रांतांतील एका मळ्यावर उतरला, आणि आंखूड धाग्याच्या कापसांतून हातानें सरकी काढतांना दिवसचे दिवस जातात हें पाहून त्यानें तारेच्या दांत्यांचा रूळ असलेलें यंत्र केलें. १४ मार्च १७९४ रोजीं त्यास पेटंट मिळालें. ते मळे गुलामांच्या श्रमांवर चालत, आणि ह्या यंत्रानें त्या पापी पद्धतीस बळच आलें. ती कथा फार मोठी असून येथें तिचा उल्लेख करूनच पुढें जाणें भाग आहे. व्हिटनी व त्याचा भागीदार मिलर ह्यांनीं असें ठरविलें कीं, यंत्र विकावयाचें नाहीं. जागोजागीं आपलींच यंत्रें बसवून रुई काढून द्यावयाची, आणि मजुरीदाखल रुईचा दोन-पंचमांश वांटा ठेवून घ्यावयाचा. शंभर शेरांस चाळीस शेर! इतकी मजुरी ऐकून कोणता कापूसवाला स्वस्थ बसेल? मळेवाल्यांनीं गांवोगांवच्या लोहारांकडून नकला करवून घेतल्या. खटल्यांमागून खटले झाले; आरंभीं कायद्यांतील उणिवेमुळें हे दोघे हरले, आणि हक्काच्या बाजूनें ठाम निकाल लागला तो १८०७ सालीं, म्हणजे पेटंटाची १४ वर्षांची मुदत सरत आली तेव्हां. मुदत वाढवून देण्यास तेथील विधिमंडळानें नकार दिला.

नकला करणारांचें आम्ही समर्थन करीत नाहीं. पण शोधकानें शेतकऱ्याच्या राशींतच हात घातला म्हणजे शेतकरी त्याचा हक्क मानीत नाहीं, ही माणसाची रीत आहे, आणि पेटंट घेणारानें ती ओळखून दर माफक ठेविला पाहिजे. जातां जातां हेंही सांगून ठेवितों कीं, आमच्याकडील बहुतेक जिनांत व्हिटनीचें यंत्र नाहीं. तेथील चामडी रूळ, स्थिर सुरी व हलती सुरी ही रचना फोन्स मॅकार्थी ह्या दुसऱ्या अमेरिकनाची. तिचें पेटंट १८४० चें. तें सरून दीडशेंहून अधिक वर्षें झालीं, आणि आजचे दुहेरी रुळाचे जिन त्याच तत्त्वावर आपल्याच देशांतले कारखाने कोणासही कवडी न देतां करितात.

मुदत संपलेल्या पेटंटांकडे आमच्या कारागिरांचें लक्ष जात नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. ट्रॅक्टरच्या मागें तीन ठिकाणीं औत जोडण्याची जी सोय आज सर्वत्र आहे ती हॅरी फर्ग्युसन ह्याची. तिच्यावरून त्याचा फोर्ड कंपनीशीं मोठा झगडा झाला, आणि १९५२ सालीं कंपनीनें ९२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटविला. आज त्याच जोडणीस बसणारा नांगर तालुक्याचा वेल्डर करूं शकतो. शिवाय, परक्या देशांत घेतलेलें पेटंट त्या देशापुरतें. आपल्याकडे तें घेतलेलें नसेल तर येथें ती वस्तु करण्यास त्याची आडकाठी नाहीं.

तथापि प्रत्येक युक्तीस पेटंट मिळेल अशी आशा आम्ही कोणास दाखवीत नाहीं. मिर्झापुरास पितळेचीं व जर्मन सिल्व्हरचीं भांडीं लेथवर फिरवून घासतात. भांडें फिरतांना निसटूं नये म्हणून समोरून टोंकाचा दाब देऊन तें धरण्याच्या साधनाचें पेटंट एका कारखान्यानें १९५१ सालीं घेतलें, आणि शेजारचा कारखाना तेंच करूं लागला म्हणून त्याच्यावर दावा लाविला. खालच्या न्यायालयांत निकाल एकदां इकडे, एकदां तिकडे झाला. अखेर डिसेंबर १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पेटंट रद्द ठरविलें. कारण वस्तु अशी दाबून धरणें कारागिरांस पूर्वींच ठाऊक होतें, आणि ठाऊक असलेल्या रीतींत थोडा फेर करणें हें हाताचें नित्याचें कसब होय, त्यास शोध म्हणतां येत नाहीं. सव्वीस-सत्तावीस वर्षांनीं हें कळण्यापेक्षां अर्जापूर्वींच जाणत्यास विचारलेलें काय वाईट?

आतां त्या रंगविलेल्या कोळप्याविषयीं. भारतांतील पेटंटें व छापून प्रसिद्ध झालेले अर्ज पेटंट कचेरीच्या संकेतस्थळावर कोणासही पाहतां येतात. आम्हीं पाहिले. त्या कारखान्याचा अर्ज आढळला. पेटंट आढळलें नाहीं. पेटंट मिळालेलें नसतां वस्तूवर तसें छापणें हें कायद्यानें दंडास पात्र आहे, तेव्हां पाटी पाहून दुप्पट किंमत मोजणारांनीं आधीं नंबर विचारावा. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणासही त्यास विरोध करितां येतो. त्याप्रमाणें आमच्या प्रदर्शनाची छापील पत्रिका व तारखेसह छायाचित्रें जोडून विरोध दाखल केला आहे. तो मान्य झाल्यास तें कोळपें कोणाच्याही मालकीचें राहणार नाहीं. लोहाराच्या पदरांत त्यांतून कांहीं पडावयाचें नाहीं, हें त्यास सांगतांना आमची मान खालीं गेली.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढें आम्ही असा ठराव मांडणार आहों. प्रदर्शनांत कोणतेंही नवें औजार घेण्यापूर्वीं, तें करणारास एकांतांत विचारावें कीं पेटंटाचा अर्ज करावयाचा आहे काय. करावयाचा असल्यास आधीं तात्पुरतें विवरण दाखल व्हावें; त्यामुळें तारीख राखली जाते, आणि पूर्ण विवरण देण्यास बारा महिने मिळतात. एकट्या व्यक्तीनें ऑनलाइन अर्ज केल्यास अर्जाचें सरकारी शुल्क १६०० रुपये आहे. परीक्षणाचें शुल्क व जाणत्या सल्लागाराचें वेतन निराळें, आणि खरा भार तोच. तो भार संघानें उचलावा. पेटंट कारागिराच्याच नांवें असावें. आमच्या सभासद गांवांतील कोणाही लोहारास प्रत्येक नगास ठराविक, माफक रक्कम देऊन तें औजार करण्याचा परवाना असावा. आणि संघाचा खर्च त्या रकमेंतून हळूहळू फिटावा. हें अशक्य नाहीं. अमरेली जिल्ह्यांतील मनसुखभाई जगानी ह्या शेतकऱ्यानें मोटारसायकलीस औतें जोडून ‘बुलेट सांती’ केली, आणि अशा युक्त्या जमविणाऱ्या संस्थांच्या साह्यानें त्यास अमेरिकेचेंही पेटंट मिळालें. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था २००० सालापासून हेंच काम करीत आहे. तिच्याकडे पत्र धाडण्यास आमच्या चिटणिसांस किती वेळ लागणार?

खर्चाचें कारण सांगून ठराव मागें सारणारे निघतीलच. गेल्या प्रदर्शनाच्या मांडवावर, फुलांवर व पाहुण्यांच्या भोजनावर किती खर्च झाला, त्याचा आंकडा संघाच्या जमाखर्चांत आहे. तो त्यांनीं सभेपूर्वीं वाचून यावें.

त्या लोहाराच्या भट्टीवर सध्यां दुसरी एक वस्तु आकारास येत आहे. ती काय आहे हें आम्हीं पाहिलें आहे, पण येथें लिहीत नाहीं. अर्ज जाईपर्यंत ती मांडवांत आणूं नये असें आम्हीं त्यास बजावलें आहे, आणि त्यानेंही ह्या खेपेस पोत्यानें झांकून ठेविली आहे.