लॉगबुक रद्दीत जाण्यापूर्वी

१९६५ च्या युद्धात पंचविशीत असलेला वैमानिक आज पंचाऐंशीच्या घरात आहे. १९७१ मध्ये नुकताच स्क्वाड्रनमध्ये दाखल झालेला तरुणही पंच्याहत्तरीला पोहोचला आहे. या दोन युद्धांचे आकाश ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ती पिढी झपाट्याने काळाच्या पडद्याआड चालली आहे. तिची लॉगबुके, पत्रे, छायाचित्रे, नकाशे आणि पदके घराघरांतील ट्रंकांत पडून आहेत. वाडा पाडून इमारत उभी राहते, मुले परदेशी स्थायिक होतात आणि एके दिवशी ती ट्रंक रिकामी केली जाते. रद्दीवाल्याच्या तराजूला लढाऊ वैमानिकाचे लॉगबुक आणि जुनी टेलिफोन डिरेक्टरी यांत भेद करता येत नाही. तो भेद समाजाने करावयाचा असतो. आपला समाज तो करीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

लॉगबुक म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांची नोंदवही. तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, उड्डाणाचा हेतू, हवेत घालविलेला वेळ अशा रूक्ष रकान्यांची ती वही असते. तीत शौर्याचे एकही विशेषण नसते. म्हणूनच इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे. स्मृती दगा देते, वृत्तपत्रे अतिशयोक्ती करतात. परंतु त्याच दिवशी लिहिलेली चार शब्दांची नोंद पन्नास वर्षांनंतरही साक्ष देते.

अशी साक्ष न जुळविल्यास काय घडते, हे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांच्या प्रकरणात देशाने अनुभवले आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावरील हल्ल्यात कोडगूचा हा वीर आपल्या मिस्टेर विमानासह गेला तो परतला नाही. आपल्या दप्तरी तो केवळ ‘बेपत्ता’ राहिला. पुढे १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे, पाकिस्तानच्या बाजूने त्या हवाई युद्धाची कथा सांगणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका मिस्टेर विमानाने आपल्याहून कितीतरी वेगवान अशा स्टारफायटर विमानाशी झुंज देऊन ते पाडले, ही हकीकत त्यातून उजेडात आली. त्या हल्ल्याचे नेतृत्व केलेल्या ओ. पी. तनेजा यांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. हवाई युद्धात महावीर चक्राने गौरविलेल्या आपल्याच वीराचा पराक्रम आपल्याला प्रतिपक्षाच्या दप्तरातून कळावा, यात अभिमानाइतकीच लाजही आहे.

वस्तू जपणे हे झाले अर्धे काम. वस्तूमागची हकीकत हरवली, तर ती वस्तू मुकी होते. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नमेंट हाउसवर मिग-२१ विमानांनी अचूक मारा केला आणि पूर्व पाकिस्तानच्या राज्यपालांनी राजीनामा दिला. त्या मोहिमेचे नेते विंग कमांडर भूपेंद्रकुमार बिश्नोई यांच्यापाशी लक्ष्य ओळखण्यासाठी पर्यटकांकरिता छापलेला ढाका शहराचा नकाशा होता. असा नकाशा एखाद्या घरात कोणाला सापडला, तर सहलीची आठवण म्हणून तो केराच्या टोपलीत जाईल. त्यावर तारीख आणि दोन ओळींची टीप असेल, तर तोच एका युद्धाच्या अखेरच्या अंकाचा पुरावा ठरेल.

पुण्याचे दिलीप पारुलकर यांची कथाही अशीच. १० डिसेंबर १९७१ रोजी विमान पाडले गेल्याने ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह त्यांनी रावळपिंडीच्या बंदिवासाची भिंत फोडून पलायन केले. त्यांच्या साहित्यात शाळेच्या अ‍ॅटलासातील नकाशा होता, सुईला चुंबकत्व देऊन बनविलेले होकायंत्र होते आणि वैमानिकाच्या जी-सूटपासून केलेल्या पाण्याच्या पिशव्या होत्या. अफगाण सीमा काही मैलांवर असताना त्यांनी लंडी कोतलच्या बाजारात लंडी खान्याची चौकशी केली. लंडी खान्याचे रेल्वे स्थानक १९३२ मध्येच बंद झाले होते. तेवढ्यावरून संशय आला आणि तिघे पकडले गेले. पारुलकरांनी ही कथा वारंवार सांगितली, तिच्यावर पुस्तक आले, चित्रपट निघाला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा निदान ती कथा मागे उरली होती. ज्यांना कोणी विचारलेच नाही, अशा शेकडोंच्या कथा त्यांच्यासमवेत गेल्या.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिल्लीत पालम येथे वायुसेनेचे संग्रहालय आहे. चंडीगडचे वायुसेना वारसा केंद्र २०२३ मध्ये खुले झाले. पंचवीस वर्षांपूर्वीची युद्धविषयक कागदपत्रे सामान्यतः खुली करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये स्वीकारले. २०१८ मध्ये वायुसेनेच्या ताफ्यात आलेले ‘परशुराम’ हे डकोटा विमान तर एका पुत्राने दिलेली भेट आहे. राजीव चंद्रशेखर यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. पुत्राने भंगारात निघालेले विमान विकत घेतले, दुरुस्त करविले आणि राष्ट्राला दिले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरविणाऱ्या डकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्यावर आहे. प्रत्येकाला विमान देता येणार नाही. पण वडिलांचे लॉगबुक सांभाळणे कोणाच्या आवाक्याबाहेर आहे?

घरोघरच्या ट्रंका शासन उघडू शकत नाही. अमेरिकेने २००० मध्ये कायदा करून माजी सैनिकांच्या आठवणी, पत्रे व छायाचित्रे राष्ट्रीय ग्रंथालयात जमविण्याचा उपक्रम सुरू केला, तोही सामान्य नागरिकांच्या बळावर चालतो. महाराष्ट्राला तर हे शिकण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, जुन्या घराण्यांची दप्तरे त्यांनी धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते याच ध्यासातून. मोडी रुमाल वाचविणाऱ्यांचे वारस म्हणविणाऱ्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची लॉगबुके हरवू द्यावीत, हे शोभणारे नाही.

काम अवघड नाही. त्याला चिकाटी हवी. गावातील वा वसाहतीतील निवृत्त वायुसैनिकांची यादी करावी. केवळ वैमानिकांकडे जाऊन थांबू नये. रात्रभर जागून विमान सज्ज करणारा यंत्रज्ञ, बॉम्ब चढविणारा शस्त्रज्ञ, रडारवर डोळे लावून बसणारा कर्मचारी यांच्याकडे तर आजवर कोणी फिरकलेलेही नाही. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. प्रत्येक छायाचित्रामागे नाव, स्थळ व वर्ष मऊ पेन्सिलीने लिहावे. पदके घासून चकचकीत करू नयेत. कागदांना चिकटपट्टी लावू नये की लॅमिनेशन करू नये. मूळ वस्तू घरातून मागून आणण्याचा आग्रह नको. स्वच्छ छायाचित्र घेतले तरी बरेच साधते. कुटुंबाची इच्छा असेल, तरच वस्तू मान्यताप्राप्त संग्रहालयाकडे लेखी पावती घेऊन सोपवावी. गोपनीय वाटणारा कागद परस्पर प्रसिद्ध करू नये. काडतूस वा स्फोटक वस्तू आढळल्यास तिला हात न लावता पोलिसांना कळवावे.

दोन मोह मात्र कटाक्षाने टाळावयास हवेत. पहिला बाजाराचा. पदकांना गिऱ्हाईक मिळते. परंतु विकले गेलेले पदक आपल्या हकिकतीपासून तुटते. दुसरा मोह अतिशयोक्तीचा. सांगणाऱ्याने भय, चूक, माघार, मित्राचा मृत्यू यांविषयी सांगितले, तर तेही तसेच नोंदवावे. त्या पिढीच्या पराक्रमाला आपल्या अलंकारांची गरज नाही.

येत्या रविवारी शेजारच्या वृद्ध वायुसैनिकाच्या घरी जाऊन त्याच्याजवळ तासभर बसणे, एवढेच या कार्याचे पहिले पाऊल आहे. विजयदिनी हार घालणारे हात पुष्कळ आहेत; आता वही उघडून लिहिणारे हात हवेत. सांगणारा आज आहे, उद्या नसेल.