कृष्णविवराची फुकटची बदनामी

कृष्णविवर म्हटलं की वाहिन्यांवर ठरलेलं चित्र. काळाकभिन्न राक्षस, समोर येईल ते गिळतोय, मागे ढोलनगारे. "ब्रह्मांडाचा व्हॅक्यूम क्लीनर"! माझं तर डोकंच सटकतं. हसून सोडून दिलं असतं हो, पण २००८ साली जिनिव्हाजवळचा एलएचसी सुरू होताना तिथे कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळणार, असं दळण आपल्या वाहिन्यांनी दळलं, आणि मध्य प्रदेशातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने त्या धास्तीने जीव दिला. तिच्या वडिलांनीच तसं सांगितलं होतं.

मंडळी, साधा हिशोब करा. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आणून ठेवलं तर? आपण गारठून मरू हे खरं, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं सॅजिटेरियस ए-स्टार सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं आहे. एस-टू नावाचा तारा २०१८ साली त्याच्या शेजारून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने गेला आणि सरळ आपल्या वाटेला लागला. दर सोळा वर्षांनी येतो नि जातो. गिळायला काय झालं होतं?

खरं सांगू? कृष्णविवराला नीट जेवताच येत नाही. वायूला मुळातच गोल फिरायची गती असते, त्यामुळे तो थेट आत न पडता भोवती तबकडी करून फिरतो. आतला थर जोरात, बाहेरचा हळू. चुंबकीय क्षेत्र दोघांत ओढाताण लावतं, वायू तापतो, आपली गती बाहेरच्याला देतो आणि मगच आत सरकतो. या तापण्यातून किती ऊर्जा निघावी? हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के, इथे ६ टक्के, आणि विवर स्वतः गरगरत असेल तर तत्त्वतः ४० टक्क्यांपर्यंत! वर काही माल (सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी) आत न जाता दोन्ही बाजूंनी झोत होऊन बाहेर फेकला जातो. ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी १९७७ साली मांडलं की ही ताकद विवराच्या फिरण्यातून, चुंबकीय क्षेत्रामार्फत येते. घेण्यापेक्षा उधळणंच जास्त, आणि नाव मात्र राक्षस.

दुसरी चीड "महाकाय" या शब्दाची. मोठं म्हणजे काहीतरी निराळं, जास्त भयंकर! अहो, कोड तोच आहे, फक्त एक पॅरामीटर बदललाय. जीआरएस १९१५+१०५ जेमतेम १२ सूर्यांचं. त्याचा क्ष-किरणांतला उजेड पडतो आणि काही मिनिटांत रेडिओ दुर्बिणीला झोताचा भडका दिसतो. थ्री-सी १२० मधलं विवर कोट्यवधी सूर्यांचं. तिथेही क्रम हाच, फक्त मिनिटांच्या जागी साधारण महिना. उलट मोठ्याची तबकडी तुलनेने थंडच असते. २००३ साली तर वस्तुमान, क्ष-किरण आणि रेडिओ या तिघांची सांगड घालणारं सूत्र निघालं, लहानमोठी सगळी ढोबळमानाने त्यात बसतात.

असो. २०२४ साली जाहीर झालेली पॉर्फिरिऑन नावाची झोतांची जोडी टोकापासून टोकापर्यंत सुमारे २.३ कोटी प्रकाशवर्षं लांब आहे. ती सापडली युरोपातल्या लोफार दुर्बिणीला, पण ती कुठल्या दीर्घिकेतून निघते हे हुडकायला नारायणगावजवळच्या खोडदची आपली जीएमआरटी कामी आली. पुण्याहून दोनेक तासांचा रस्ता. ओबी व्हॅन पाठवायचीच असेल तर तिकडे पाठवा की राव!