आवडीच्या कामाच्या जागी नियमित शिक्षण मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर

विषय : नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातील एक दिवस त्यांच्या आवडीच्या कामाच्या जागी शिकण्यासाठी मिळावा.

महोदय,

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांचे पालक आणि शिक्षक हे निवेदन सादर करीत आहोत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावे आणि अशी संधी पुढे बारावीपर्यंत मिळावी, असे धोरण सांगते. आमच्या अनुभवात मात्र त्याची क्षेत्रभेट होते. मुले रांगेने कारखान्यातून फिरतात, फोटो निघतात, अहवाल वर जातो. मुलाने कशाला हात लावला, काय चुकले, काय जमले, याचा त्या अहवालात उल्लेखही नसतो.

नववीपासून निवडक शाळांत व्यवसाय शिक्षणाचे विषय आहेत, हे आम्ही जाणतो. पण शाळेला जे एक-दोन विषय मंजूर होतात तेच सगळ्यांच्या वाट्याला येतात. मोटारदुरुस्ती मंजूर झाली, तर कापडावरच्या नक्षीत रमणारी मुलगीही मोटारदुरुस्तीच शिकते. तिची आवड कोणी विचारतच नाही, आणि आमचे खरे दुखणे हेच आहे.

वास्तविक आमच्या जिल्ह्यात शिकण्याजोग्या जागांना तोटा नाही. उद्यमनगरातली वर्कशॉप, शिरोलीच्या फाउंड्री, हुपरीचे चांदीकाम, इचलकरंजीचे माग, गुऱ्हाळे, दूध संघांच्या प्रयोगशाळा, छापखाने, गुरांचे दवाखाने. तिथे काय शिकता येते, याचे एक उदाहरण देतो. अकरावीची एक विद्यार्थिनी सुट्टीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागली. व्हर्निअरच्या लीस्ट काउंटची व्याख्या तिला पाठ होती. तरी लेथवरून उतरलेल्या एकाच बुशचे माप तिला दर वेळी वेगळे येई. तिथल्या जुन्या टर्नरने आधी कडेची बर (धातूची खरखरीत किनार) काढायला लावली, बुश पुसायला लावली आणि व्हर्निअरचा जबडा किती हलका टेकवायचा ते तिचा हात धरून दाखवले. मग 0.02 मिलिमीटरचा फरक म्हणजे काय, हे तिला समजले. आज ही संधी ज्याच्या घरची ओळख आहे त्यालाच मिळते. ती सर्वांना मिळावी.

याबाबत एक धोका आम्ही स्पष्ट नोंदवतो. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी सरकारने मुलांनी अर्धा वेळ शाळा करावी आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात द्यावा अशी योजना आणली. जातीचा धंदा मुलांच्या गळ्यात बांधला जातो म्हणून तिला मोठा विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली गेली. चप्पल बनवणाऱ्याच्या मुलाला चपलेच्याच कामाला आणि डॉक्टरांच्या मुलीला इस्पितळातच पाठवले, तर ते शिक्षण नव्हे. म्हणून जागा ठरवताना वडिलांचा धंदा किंवा जवळचे दुकान न पाहता मुलाची आवड पाहिली जावी, असा नियमच करावा. आवड बदलली, तर वर्षाच्या मध्यावर जागा बदलण्याचीही मुभा असावी. चौदा-पंधराव्या वर्षी आवड बदलणारच.

हे अशक्य नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथली कामातून शिकण्याची पद्धत पुढे राज्यातल्या अनेक शाळांत गेली. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘मेट’ या सरकारी हायस्कूलमध्ये मुले आठवड्यातले दोन दिवस आवडीच्या कामाच्या जागी असतात. तिथला जाणकार त्यांना शिकवतो आणि शाळेतला शिक्षक त्या कामाची गणिताशी, भाषेशी सांगड घालतो. आम्ही दोन नव्हे, एकच दिवस मागत आहोत. तो वेळापत्रकातला असावा, रविवारचा नसावा.

या कामाचे मूल्यमापन लेखी परीक्षेने करू नये. मुलाने केलेली वस्तू, त्या दिवसांची त्याची नोंदवही आणि शिक्षक, पालक व कारागीर यांच्यासमोर त्याने दिलेली माहिती यांवर गुण द्यावेत आणि ते अंतर्गत मूल्यमापनात धरावेत. कामाच्या जागी मुलांना भेटी देणाऱ्या शिक्षकाच्या तासिका कार्यभारात मोजाव्यात. नाहीतर हेही ओझे त्याच्याच माथी येईल.

वर्कशॉपचे मालक मुलांना घ्यायला बिचकतात, आणि त्यांची भीती रास्त आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास आणि 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास बंदी आहे. ही बंदी योग्यच आहे, ती सैल करा असे आम्ही म्हणत नाही. कामगार विभागासोबत संयुक्त परिपत्रक काढून कुठे शिकता येईल आणि कुठे मुळीच नाही, हे लिहून द्यावे. भट्टी आणि पॉवर प्रेस वर्ज्य. ड्रॉइंग, पॅटर्न, तपासणी चालेल. मुलाकडून उत्पादनाचे काम करून घेणाऱ्या मालकाची या उपक्रमातील नोंदणी रद्द व्हावी. प्रत्येक मुलाचा अपघात विमा शासनाने उतरवावा.

मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून शाळेपर्यंतचा एसटी प्रवास मोफत आहे. तोच पास कामाच्या जागेपर्यंत चालावा. पासाअभावी मुलींच्या वाट्याला फक्त गावातले शिवणकाम येईल, हे आम्हांला मान्य नाही.

येत्या शैक्षणिक वर्षापासून कोल्हापूर जिल्ह्यात प्रायोगिक तत्त्वावर हा उपक्रम सुरू करण्याचा शासन निर्णय काढावा, ही विनंती. जागा शोधणे आणि मालकांशी बोलणे ही जबाबदारी आम्ही पालक घेतो. चर्चेसाठी आम्हांला वेळ द्यावी.

आपले विश्वासू,
पालक व शिक्षक,
कोल्हापूर जिल्हा