डोक्याचे गणित झाले, फोनचे राहिले

कानाला लावलेल्या मोबाइलमधून डोक्यात किती ऊर्जा शोषली जाते, हे संगणकावर काढताना आपली बहुतेक मेहनत डोक्यावरच खर्ची पडते. केन यी यांनी 1966 मध्ये मांडलेल्या एफडीटीडी पद्धतीने मिलिमीटरभर घनांची जाळी विणायची, त्वचा, मेद, हाड, मेंदू यांना आपापली विद्युत्‌वाहकता द्यायची आणि एसएआर, म्हणजे ऊतीच्या दर किलोत शोषली जाणारी शक्ती, काढायचा. एमआरआयवरून घडवलेले ड्यूक आणि एला हे प्रौढ आभासी देह, सोबत बिली आणि थेलोनियस ही मुले, सारे हाताशी आहे. फोनची शक्ती मात्र एका ठरीव आकड्यात उरकली जाते.

ही उणीव गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी डोळ्यांत भरते. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावरचे हे गाव. भोवती दाट जंगल, विखुरलेले माडिया आदिवासींचे पाडे आणि दूरदूरचे टॉवर. नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्राने 2014 मध्ये मंजूर केलेली टॉवर-योजना 2जीची होती. तिचे टॉवर 4जी करायला मंजुरी मिळाली 2022 मध्ये. पाड्यावरचा माणूस रेंज शोधत टेकाडावर जातो, एखादी दांडी दिसली की फोन कानाशी घट्ट दाबून बोलतो. त्या क्षणी फोन काय करत असतो? टॉवरपर्यंत पोचण्यासाठी तो पूर्ण जोर लावत असतो.

900 मेगाहर्ट्झच्या 2जी हँडसेटची कमाल शक्ती 2 वॅट, आठांपैकी एकाच कालखंडात प्रक्षेपण होत असल्याने सरासरी पाव वॅट. टॉवर जवळ असला की ही 2 वॅटची शक्ती सुमारे 3 मिलिवॅटपर्यंत उतरू शकते. म्हणजे सहाशे पटींहून अधिक फरक. एसएआर शक्तीच्या सरळ प्रमाणात बदलतो. कवटीची जाडी किंवा मेंदूची वाहकता थोडी चुकली, तर उत्तर काही टक्क्यांनी हलेल. शक्ती चुकली तर उत्तरच निकालात निघते.

यात घाबरवण्याचा हेतू नाही. एसएआरची चाचणी कमाल शक्तीवरच होते आणि भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीने 1.6 वॅट प्रतिकिलो आहे. नियमांत बसणारा फोन भामरागडलाही त्या मर्यादेतच राहतो. पण पुण्यात जो आकडा क्वचित गाठला जातो, तो इथे रोजच्या बोलण्याचा आकडा असू शकतो. आयआयटी मुंबईच्या गिरीश कुमार यांच्या टॉवर-प्रारणावरील 2010 च्या अहवालानंतर शहरांत टॉवरविरुद्ध बरीच ओरड झाली. 2012 मध्ये टॉवरच्या प्रारणाची मर्यादाही दहापट कडक झाली. कानाशी धरलेल्या फोनचा हिशेब त्या वादात मागे पडला. भामरागडच्या माणसासाठी टॉवर जवळ आला तर डोक्यात जाणारी ऊर्जा बहुधा घटेल, हे आपल्या क्षेत्राने ठामपणे सांगायला हवे.

देहाचाही प्रश्न आहेच. काटक शरीरात मेद कमी, म्हणून शोषण जास्त, असे सरळ गणित मांडता येत नाही. 900 मेगाहर्ट्झला मेदातली तरंगलांबी सुमारे 14 सेंटीमीटर असते. थर तिच्या चतुर्थांशाजवळ गेला की लहरी आत शिरणे उलट सोपे होते. खिशातल्या किंवा कमरेच्या फोनसाठी हे तपासलेच पाहिजे. ड्यूकवरून माडिया माणसाचे उत्तर काढणे मला मान्य नाही.

तरीही आधी शक्तीचे बघा. त्यासाठी महागडा सर्व्हर लागत नाही. प्रक्षेपण-शक्तीची नोंद ठेवणारे हँडसेट भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इथे लोकांच्या संमतीने काही आठवडे वापरात द्यावेत आणि त्या नोंदी आपल्या तयार प्रतिमानांत घालाव्यात. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतील. असे मोजमाप ज्यांनी केले असेल, त्यांनी आमच्या नियतकालिकाकडे लेख पाठवावा. आकडे अपुरे असले तरी पाठवावा. शक्ती कुठून घेतली हे न सांगणारे एसएआरचे लेख मात्र यापुढे आम्ही परत पाठवू.