वर्गाला दुबार पेरणी नसते



आपल्या कापसाचे सूत भिवंडीच्या यंत्रमागावर चढते. मागावरच्या कामगाराचे पोर आणि आपले पोर, दोघेही सरकारी शाळेतच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या नकोत. राज्याने २०१२ मध्ये भरती थांबवली. जुलै २०२३ मध्ये निवृत्त गुरुजींना २०,००० रुपयांवर बोलावण्याचा हुकूम काढला. जागा रिकाम्या होत्या, याची ही सरकारचीच कबुली! भिवंडीत तर मराठी, उर्दू, तेलुगू अशी माध्यमे. एकाचा गुरुजी दुसऱ्याला चालत नाही.

जूनमध्ये शाळा उघडताच ग्रामसभेत विचारा : मंजूर पदे किती, भरली किती? उत्तर लेखी घ्या. पाऊस दगा देतो तेव्हा आपण दुबार पेरतो. पोराचे गेलेले वर्ष पुन्हा पेरता येत नाही.